बत्तीस माणसांचा मुक्काम

मोठ्या कुटुंबाला प्रवासात राहायला जागा शोधून देणं, हे काम मी चोवीस वर्षं केलं. सोलापूरच्या नवी पेठेत एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात माझं टेबल होतं. गाड्यांचं बघणारे वेगळे होते, तिकिटं काढणारे वेगळे होते. माझ्यापुढं येऊन बसायचे ते "आम्ही सत्तावीस जण आहोत, राहायचं कुठं?" असं विचारणारे. या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमती पुष्कळ आहेत, त्यातल्या थोड्या लिहिते. पण मला जे सांगायचंय ते गमतीचं नाही आणि त्यात मी काही चांगली दिसत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात अवघड काय आहे? माणसं मोजायची, तीननं भागायचं, तेवढ्या खोल्या सांगायच्या. हल्ली मोबाइलवर फोटो बघून खोली घेता येते. दोघातिघांसाठी ते ठीक आहे. सत्तावीस जणांच्या घरात एक गुडघे गेलेली आत्या असते, तिला जिना चढवत नाही आणि खाली बसवत नाही. एक काका घोरतात आणि ते त्यांना सोडून सगळ्यांना माहीत असतं. नुकतं लग्न झालेलं जोडपं असतं. त्यांना वेगळी खोली हवी असते, पण तसं तोंडानं कुणी म्हणत नाही, ते आपण ओळखायचं. दोन जावांमध्ये काहीतरी झालेलं असतं. लॉजवाल्यांचीही एक भाषा असते. त्यांचा तळमजला पाच पायऱ्या चढून असतो. 'चोवीस तास गरम पाणी' म्हणजे गच्चीवरचा सोलर. पहिल्या दहा जणांच्या आंघोळी झाल्या की अकराव्याच्या अंगावर गारठा. म्हणून मी गरम पाणी आहे का असं कधी विचारलं नाही. टाकी किती लिटरची आहे ते विचारायचे.

एकदा वैरागचे दोन भाऊ आले होते, अडत दुकानवाले. एक सकाळी आला, दुसरा दुपारी. दोघांनी एकच गोष्ट सांगितली. आम्ही आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाही, आमच्या खोल्या शेजारी नकोत, जाता-येता गाठ पडायला नको. पण लॉज एकच पाहिजे, कारण सोबत आई आहे आणि तिला यातलं काही माहीत नाही. आठ वर्षं आईपासून हे कसं लपवलं असेल ते देव जाणे. मी चार दिवस फोन केले आणि कोकणात दोन जिने असलेलं एक लॉज शोधलं, एक जिना समुद्राच्या बाजूनं, एक मागच्या अंगणातून. आईची खोली दोन्ही जिन्यांच्या मधोमध. परत आल्यावर दोघं भाऊ वेगवेगळे येऊन पेढे देऊन गेले. आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही म्हणाले. मला मात्र वाटतं, त्या माउलीला सगळं माहीत असणार.

सांगायचा मुद्दा असा, की मला माझ्या कामाचा अभिमान होता. माझ्याकडं एक जाड वही होती, गावोगावच्या लॉजची, भक्तनिवासांची, मंगल कार्यालयांची. कुठल्या खोलीच्या खिडकीखाली जनरेटर आहे इथपर्यंत त्यात लिहिलेलं असायचं. ऑफिसचे मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या जोशी मॅडम म्हणजे नकाशा आहेत."

मग महादेवी आली.

महादेवी अक्कलकोटच्या पुढच्या एका खेड्यातली, वीरशैव घरातली. नवऱ्याचं सोलापुरात बी-बियाणांचं छोटं दुकान होतं. मुलं मोठी झाल्यावर चाळिशीत तिनं पहिल्यांदा नोकरी धरली. मालकांनी तिला फोन घ्यायला ठेवलं. मला ती पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणायला लागली. कानडीत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पण मला मॅडम म्हटलेलं आवडलं असतं.

तिला खोल्यांचं काही कळत नव्हतं. वही तर ती ठेवतच नव्हती. एक दिवस माढ्याचं एक कुटुंब आलं, चाळीस जणांचं. आईची पंच्याहत्तरी, म्हणून सगळे मिळून महाबळेश्वरला निघाले होते. मी आईची सोय थोरल्या मुलाच्या खोलीत केली होती. तळमजला, दाराशी बाथरूम, उबदार. कुणीही बघून मान डोलावली असती. आजी खुर्चीत गप्प बसल्या होत्या. महादेवी पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आजी, तुमाला कुणाजवळ झोप लागती?"

आजी म्हणाल्या, "नातींच्यात."

"मग नातींच्यातच झोपा की."

थोरला मुलगा हसला. "आई, हे आधी का न्हाय बोललीस?" आजी म्हणाल्या, "इचारलं कुणी?"

मी यादी बदलली. जाताना आजींनी महादेवीच्या गालावरून हात फिरवला. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. त्या दिवशी घरी गेल्यावर मी भाजी जाळली आणि मिस्टरांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा काही नाही म्हणाले.

मत्सर हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो फार बारीक गोष्टींतून येतो. दुपारी डबे उघडले की सगळ्यांचे हात तिच्या कडक भाकरीकडं आणि शेंगाचटणीकडं जायचे आणि माझ्या पोळ्या तशाच घरी यायच्या, हे मला लागायचं. ती फोनवर कानडीत बोलायची, मध्येच खळखळून हसायची आणि फोन ठेवून म्हणायची, "झालं अक्का, धा खोल्या दिल्या." मी त्याच लॉजवाल्यांना तीन दिवस हिंदीतून विनवत असायचे. मी गुपचूप कानडी शिकायचं पुस्तक आणलं. तिसऱ्या धड्याला सोडलं, कारण ते पुस्तक वाचताना मला तिचाच आवाज ऐकू यायला लागला. तिच्या टेबलासमोरच्या खुर्च्या भरायला लागल्या. कुणी माझ्यापुढून उठून तिच्याकडं गेलं की मी वहीत डोकं घालायचे आणि कान तिकडं ठेवायचे.

तिनं माझ्याशी कधी वाकडं वागलं नाही. उलट अडलं की माझ्याकडंच यायची. "अक्का, तुमाला जेवढं म्हाईत हाय तेवढं मला ह्या जन्मात व्हायचं न्हाय," म्हणायची. हे ती मनापासून म्हणायची, म्हणून तर जास्त राग यायचा.

दासरींचं घर मात्र माझं होतं. शहराच्या पूर्व भागातले विणकर, घरच्या मागावर टॉवेल काढणारे, घरात तेलुगू बोलणारे. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, दोन विधवा आत्या आणि सगळ्यांच्या वर वडील. घरात त्यांना सगळे नायना म्हणत. तेलुगूत वडिलांना नायना म्हणतात. पुढं आम्हीही म्हणायला लागलो. ते दर दोन-तीन वर्षांनी कुठंतरी निघायचे आणि चौदा वर्षं त्यांचा मुक्काम मीच शोधला होता. तिरुपती, भद्राचलम, रामेश्वर. नायना येताना स्वतःच्या मागावरचा एक टॉवेल माझ्यासाठी आणायचे, कागदात गुंडाळून.

मधल्या काळात नायनांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून ते उठले, पण डावा पाय ओढायला लागले. थोरली सून पद्मा हिनं बदामीच्या बनशंकरीला नवस बोलला होता, मामंजी चालायला लागले तर सगळं घर दर्शनाला आणीन म्हणून. त्या हिवाळ्यात दासरींनी जायचं ठरवलं. माणसं बत्तीस. आणि दिवस नेमके जत्रेचे. पौषात बनशंकरीची जत्रा भरते, तेव्हा बदामीत पाय ठेवायला जागा नसते.

थोरला मुलगा श्रीनिवास नायनांना धरून ऑफिसात आला. मी खुर्ची पुढं ओढली. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. कानडी मुलुख हाय, जत्रा हाय. महादेवीताईंना बोलता येतं, म्हणून म्हटलं..."

नायना काठीवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभे होते. मी हसले. चांगलं तोंडभर हसले. "अहो, राग कसला? तिकडंच बसा," म्हटलं.

ते तिकडं बसले. कागदात गुंडाळलेला टॉवेल मात्र त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावला.

महादेवीनं बदामीत एक लॉज मिळवलं. अकरा खोल्या, चार तळमजल्यावर, एका खोलीत कमोड. जत्रेच्या दिवसांत अशा खोल्या शब्दावर धरलेल्या असतात. लॉजवाला आधी काही घेत नाही, पण दोन दिवस आधी एकदा विचारतो, येताय ना पक्कं? तुम्ही हो म्हणालात की खोल्या तुमच्या. त्या वेळी हो म्हणणारं माणूस फोनवर मिळालं नाही, तर दारात उभी असलेली पार्टी आत घेतो. त्याचंही चुकत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी महादेवी गावाकडं चुलतबहिणीच्या लग्नाला गेली होती. तिकडं रेंज नव्हती. साडेअकराच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला आणि मी घेतला. बदामीचा लॉजवाला होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, मॅडमचा मोबाइल लागत नाही, हुबळीची मोठी पार्टी आली आहे, तुमच्या बत्तीस जणांचं पक्कं असेल तर संध्याकाळपर्यंत एक फोन करा, नाहीतर मला खोल्या द्याव्या लागतील.

मी म्हटलं, "हाँ, बोल देती हूँ."

फोन ठेवला. तिथल्या तिथं "पक्कं आहे" असं म्हणता आलं असतं. चौदा वर्षांची माझी माणसं होती. संध्याकाळपर्यंत वेळ होता. मी चहा घेतला, चार जणांना कन्याकुमारीची खोली सांगितली, मालकांशी गाडीबद्दल बोलले. आणि सगळा वेळ मला माहीत होतं की मी फोन करणार नाही. विसरले असं मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला सांगून बघितलं. विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवी आली, केसांत लग्नातला सुकलेला गजरा होता. पर्स ठेवता ठेवता तिनं विचारलं, "काल काय फोन-बिन हुता का, अक्का?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्या शब्दावर विसंबून तिनं बदामीला परत फोन केला नाही. तेव्हाही वेळ होता. एक दिवस हातात होता. तिनं कदाचित दुसरीकडं काही केलंही असतं.

दासरींची बस तिसऱ्या दिवशी पहाटे निघाली आणि दुपारी बाराच्या आसपास बदामीला पोचली. साडेबाराला श्रीनिवासचा फोन आला. लॉज भरलेलं आहे, एकही खोली नाही, मालक म्हणतोय तुमच्याकडून उत्तर आलं नाही. महादेवीचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला खुर्चीत खचलेली बघितली. त्या क्षणी मला आनंद झाला. खरंच झाला. पाच मिनिटं टिकला असेल. मग बत्तीस माणसं डोळ्यांपुढं आली.

महादेवीनं डोळे पुसले आणि फोन उचलला. लॉज, मठ, मंगल कार्यालयं, शाळा. माझ्याकडं वळून म्हणाली, "अक्का, तुमच्या वहीत बागलकोटचं काय हाय का?" मी दोन नंबर काढून दिले. दोन्हीकडं जागा नव्हती. दोन तास गेले, तीन गेले. श्रीनिवासचे फोन येतच होते, आवाज चढत होता. मालक दाराशी येऊन उभे राहिले होते.

मग तिला गुळेदगुड्ड आठवलं. बदामीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गाव, चोळीचे खण विणणारं. तिथली एक गिरिजव्वा तिच्याकडं दरवर्षी खण विकायला यायची. महादेवीनं तिला फोन लावला. कानडीतलं मला फारसं कळत नव्हतं, पण एक शब्द तिनं तीन-चार वेळा उच्चारला, तो कळला. नेकार. नेकार म्हणजे विणकर. ती सांगत होती, सोलापूरची विणकर माणसं आहेत, रस्त्यावर बसलीत.

तासाभरात गिरिजव्वानं आपल्या गल्लीतली पाच घरं रिकामी करून ठेवली. दिवस मावळायच्या सुमाराला बस गुळेदगुड्डला पोचली. मागाच्या खोल्यांमधून सतरंज्या अंथरल्या होत्या. दासरी तिथं तीन दिवस राहिले. तिथूनच देवीला जाऊन आले. पोरींनी खणाचे माग चालवून बघितले, पुरुषांनी सुताच्या भावावर वाद घातले, बायकांनी एकमेकींना स्वयंपाक शिकवला. परत आल्यावर सगळं घर पेढे घेऊन ऑफिसात आलं. श्रीनिवास मालकांना म्हणाला, "लॉजवर राहिलो असतो तर हे कुठनं बघायला मिळालं असतं?" नायना तेवढे आले नव्हते. पाय दुखतोय म्हणाले.

म्हणजे मी जे केलं त्यातून महादेवीचं नाव झालं. पुढच्या महिन्यात मालकांनी मुक्कामाचं सगळं काम तिच्याकडं दिलं आणि मला रेल्वे रिझर्व्हेशनच्या टेबलावर बसवलं. गुळेदगुड्डची गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवली जायची आणि मी बाजूला बसून फॉर्म भरत ती ऐकायचे. शिक्षाच होती म्हणा. पण शिक्षा झालेल्या माणसाला पश्चात्ताप होतोच असं नाही. मला फक्त जास्त जळायला झालं.

तीनेक आठवड्यांनी दुपारी ऑफिसात आम्ही दोघीच होतो. महादेवी माझ्या टेबलाशी येऊन बसली. आवाज न चढवता म्हणाली, "बदामीचा लॉजवाला बोलला मला. म्हणाला, मी फोन केला हुता, एका बाईनं घेतला. आपल्या हापिसात दोनच बाया हायत, अक्का."

मी रिझर्व्हेशनच्या फॉर्मवर कुणाचं तरी वय लिहीत होते, ते दोनदा लिहिलं.

"मी मालकास्नी सांगितलं न्हाय."

"का?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"सांगून काय हुतंय? तुमी जाल. उन्हाळ्याचा सीझन मी एकटी कसा काढू?" मग म्हणाली, "पण एकदा दासरींच्या घरी जाऊन या."

"कशाला?"

"जाऊन या. मी सांगण्यापरीस तुमीच बघा."

मी गेले नाही. मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, तिचं कौतुक ऐकायला ही मला पाठवतेय. दासरींच्या घरात बसून महादेवीताईंनी कसं वाचवलं ते पुन्हा एकदा बत्तीस तोंडांनी ऐकायचं, ही तिची शिक्षा. मी मनातल्या मनात म्हटलं, तेवढी मी खाली पडलेली नाही. आणि खरं म्हणजे मला वाटलं, तिनं मालकांना सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिचं ते न सांगणंसुद्धा माझ्यापेक्षा मोठं दिसत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं.

पुढं सहा वर्षं मी त्याच ऑफिसात काढली. तिनं तो विषय परत काढला नाही. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात ती माझ्याबद्दल बोलली. मला सगळं काम अक्कांनी शिकवलं म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराआडून तिच्याकडं बघत होते आणि ही हे सगळं इतक्या सहज कसं बोलू शकते याचाच विचार करत होते.

निवृत्तीनंतर माणसाकडं रिकामा वेळ येतो आणि त्यात पूर्वीचे दिवस येऊन बसतात. गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना ऑफिसातून आणलेल्या सामानात तो टॉवेल सापडला, अजून कागदातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी पूर्व भागात गेले.

दार पद्मानं उघडलं. तिच्या केसांत पांढरं आलं होतं. मला बघून तिला आनंद झाला. आत नेऊन बसवलं, मागच्या खोलीतून मागांचा खडखडाट येत होता, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी विचारलं, "नायना कसे आहेत?"

"हायत. पुढच्या खोलीत असत्यात. आता कुटं जात न्हाईत."

"वय झालं आता."

"वयाचं न्हाय, मॅडम," पद्मा म्हणाली. "बदामीपासनं न्हाय गेले कुटंच."

मग तिनं जे सांगितलं ते इतक्या वर्षांत माझ्या कानावर कुणी घातलं नव्हतं. त्या दुपारी बस लॉजच्या आवारात पाच तास उभी होती. आसपास जत्रेची गर्दी. लॉजवाल्यानं वरच्या मजल्यावरचा संडास वापरा म्हणून सांगितलं, तेवढे जिने नायनांना चढता येणार नव्हते. जत्रेतल्या सार्वजनिक संडासात खाली बसायचं होतं आणि बाहेर रांग होती. श्रीनिवास त्यांना दोनदा घेऊन गेला, दोनदा ते तसेच परत आले. उघड्यावर जायला ते तयार झाले नाहीत. चारच्या पुढं बसमध्ये, बसल्या जागी, त्यांचं धोतर ओलं झालं. तीन सुना आणि सगळ्या नाती समोर. कपड्यांच्या पिशव्या बसच्या टपावर, सगळ्या सामानाच्या तळाशी. दोन तास ते तसेच बसले. मांडीवर पद्मानं आपली शाल टाकली.

"गुळेदगुड्डला उतरल्यावर त्या घरच्या मालकानं त्यांना आंघोळ घातली, सवताचं धोतर नेसायला दिलं," पद्मा म्हणाली. "माणूस लई चांगला. पण मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले न्हाईत. देवीपुढंबी बोलले न्हाईत. घरी आल्यावर महादेवीताई एकट्याच येऊन भेटून गेल्या. त्यांना आमी सांगितलं. हापिसात नका बोलू म्हटलं, सासऱ्याची गोष्ट हाय. त्या न्हाई बोलल्या कुटं."

नातवाचं लग्न हैदराबादला झालं, तिथंही नायना गेले नव्हते. नातीचं बारसं लातूरला, तिथंही नाही. ज्या माणसानं दर दोन-तीन वर्षांनी अख्खं घर बसमध्ये घालून फिरवलं, तो दाराबाहेर पडायचा बंद झाला होता. महादेवीनं मला जाऊन या म्हटलं होतं ते यासाठी. आणि मी इतकी वर्षं समजत होते की तिचं कौतुक ऐकायला.

मी उठून पुढच्या खोलीत गेले. नायना खिडकीजवळच्या कॉटवर बसले होते. एवढासा देह उरला होता. पद्मानं मोठ्यानं सांगितलं, "जोशी मॅडम आल्यात, हापिसातल्या." त्यांनी मान हलवली आणि कॉटच्या कडेची उशी सरकवून मला बसायला जागा केली. पद्मा चहाला गेली.

रिक्षात मी वाक्यं जुळवून आणली होती. ती काही आठवली नाहीत. मी म्हटलं, "नायना, बदामीला खोल्या मिळाल्या नाहीत, ते माझ्यामुळं. लॉजवाल्याचा फोन आला होता. मी घेतला. महादेवीला सांगितला नाही."

त्यांनी कानामागं हात धरला. मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, मोठ्या आवाजात. पुन्हा सांगणं फार अवघड गेलं.

नायनांनी हात खाली घेतला. मग विचारलं, "विसरलाव का?"

"नाही."

"मग का न्हाय सांगितलं?"

माफी मागायची तयारी मी केली होती. या प्रश्नाची केली नव्हती. पण समोरचा माणूस खरंच विचारत होता, म्हणून खरं तेच सांगितलं.

"तुम्ही तिच्या टेबलावर जाऊन बसलात म्हणून."

नायनांनी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या खोलीतले माग चालूच होते. ओठ जरा हलले, मला वाटलं आता ते काहीतरी कठोर बोलतील आणि मी ते ऐकून घ्यायचं ठरवलं. पण ते हळूच, एखाद्या लेकीला सांगावं तसं म्हणाले,

"मग त्याच येळी म्हणायचं की, बाई. मी आलो असतो तुमच्या टेबलावर."